कॉटला कठडा लावताना: वृद्धाश्रमांसाठी

कठडा झोपेत घरंगळणाऱ्या माणसासाठी असतो, उठून चालू शकणाऱ्यासाठी नव्हे. अर्धांगवायूमुळे तोल न सावरणारे आजोबा, किंवा निसरड्या हवेच्या गादीवर झोपवलेल्या आजी, यांना तो उपयोगी पडतो. पण स्मृतिभ्रंशामुळे रात्री ‘घरी जायचंय’ म्हणत उठणारी आणि पायांत अजून बळ असलेली व्यक्ती कठड्याला जुमानत नाही. ती वरून पाय टाकते. मग पडणं दोन फुटांऐवजी तीन फुटांवरून होतं. अशा माणसाला कठडा लावणं म्हणजे सरळसरळ कोंडणं, आणि धोका वाढवून कोंडणं.

त्यांच्यासाठी उपाय वेगळे आहेत. कॉट शक्य तितकी बुटकी घ्या, रात्रभर मंद दिवा ठेवा आणि बेल हाताला लागेल अशी बांधा. लघवीला नेण्याच्या वेळा ठरवून टाका, कारण रात्रीच्या उठण्यामागे बहुतेकदा लघवीच असते. कॉटशेजारी जमिनीवर जाड गादी टाकली तर चालते, मात्र पावसाळ्यात खाली ताडपत्री घाला आणि रोज संध्याकाळी झटकून पाहा. आपल्याकडे ओलीला गोम आणि विंचू हमखास येतात.

कठडा लावायचं ठरलं, तर खरी भीती पडण्याची नाही, अडकण्याची आहे. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेकडे १९८५ ते २००८ अखेर कठड्याच्या पलंगांत अडकल्याच्या ८०३ घटनांची नोंद झाली, त्यांत ४८० माणसं दगावली. डोकं किंवा मान फटीत जाते, अंगात बाहेर काढण्याइतकी ताकद नसते आणि श्वास कोंडतो. म्हणून फटी मोजाव्या लागतात, नुसत्या नजरेने पाहून चालत नाही.

सुताराकडून प्लायच्या दोन गोल चकत्या कापून घ्या, एक १२० मिलिमीटर व्यासाची, दुसरी ६० मिलिमीटरची. मोठी म्हणजे डोकं, छोटी म्हणजे मान. मोठी चकती कठड्याच्या दोन दांड्यांमधून, कठड्याच्या खालून किंवा गादी आणि कठडा यांच्यामधून आत जाता कामा नये. कठडा जिथे संपतो त्या टोकाखाली, गादीलगत, छोटी चकतीसुद्धा शिरू नये. कठड्याचं टोक आणि डोक्याकडची फळी यांच्यातलं अंतर एकतर ६० मिलिमीटरपेक्षा कमी हवं, नाहीतर ३१८ मिलिमीटरपेक्षा जास्त. मधलं कुठलंही माप वाईट, कारण मान किंवा छाती आत जाते आणि तिथेच रुतते.

सगळ्यात जास्त गफलत गादीच्या कडेला होते. कॉट ३६ इंची आणि गादी ३२ इंची असली, तर गादी एका बाजूला सरकताच दुसरीकडे चार इंचांची फट पडते. कठडा चौकटीच्या बाहेर इंचभर असतो, म्हणजे झाले पाच इंच, साधारण १२७ मिलिमीटर. चकती आत! म्हणून मोजताना गादी आधी पलीकडच्या कठड्याला टेकवा, मग अलीकडच्या कडेवर एकाला बसवा आणि दबलेल्या गादीवर मोजा. गादीवाल्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी मधे फुगीर आणि कडेला बसकी होते, तिच्यावर तर हे करायलाच हवं. पाठ उचलायची कॉट असेल तर आडवी ठेवून एकदा आणि पाठ उचलून एकदा मोजा, फटी बदलतात.

फट निघाली तर उशी किंवा गुंडाळलेली चादर कोंबू नका. ती दबते, निसटते, उशी तोंडावरही येते. कॉटच्या मापाची गादी शिवून घ्या, किंवा घट्ट फोमची पट्टी रेक्झिनमध्ये घालून चौकटीला बांधा. एक बाजू भिंतीला लावून दुसरीकडेच कठडा लावण्याची पद्धत सर्रास दिसते. कॉट चार बोटं सरकली की भिंत आणि गादी यांच्यात माणूस रुततो, म्हणून चाकांचे ब्रेक लावलेले हवेत आणि कठडे दोन्ही बाजूंना.

उंचीचंही गणित आहे. गादीच्या पृष्ठभागापासून कठडा किमान २२० मिलिमीटर वर हवा. समजा चौकटीपासून कठडा ३५५ मिलिमीटर वर येतो. चार इंची गादी टाकल्यावर २५५ उरतात, ठीक. जखमा होऊ नयेत म्हणून वर तीन इंची हवेची गादी घातली की उरतात १८०, आणि कठडा असून नसल्यासारखा. या गादीचा दुसरा घोळ म्हणजे लाईट. वादळवाऱ्यात रात्री लाईट गेली की पंप थांबतो, काही गाद्या बसत जातात आणि फटी उघडतात. पंप इन्व्हर्टरवर घ्या. लाईट गेली की ती कॉट आधी बघायची, हे रात्रीच्या मावशींना सांगून ठेवा.

किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत कठडा अडकवून ठेवणारी स्प्रिंगची खिटी गंजते आणि अर्ध्यात अडकते. कठडा वर दिसतो, पण लॉक झालेला नसतो. ‘टक’ असा आवाज आल्यावर दोन्ही हातांनी आत-बाहेर हलवून बघा, दर पाळीला. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांत सगळे बोल्ट बदलून किंवा कसून घ्या, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहसा सैल न होणारे) वापरा, खिटीला शिलाई मशिनचं तेल द्या. खोबरेल नको, ते चिकटा धरतं. मच्छरदाणीच्या नाड्या कठड्याला बांधू नका, वरून टांगा. नाड्यांत हात किंवा मान गुंततात, आणि कठड्यावरून सोडलेल्या जाळीआड फट झाकली जाते.

गादी बदलली, कॉट बदलली, किंवा माणूस आजारपणात वाळला, की चकत्या पुन्हा फिरवा. माप आणि तारीख वहीत लिहा.

कुणी अडकलेलं दिसलं तर डोकं ओढू नका. खांदे आणि मान आधाराने धरा, दुसऱ्याला कठडा खाली करायला सांगा. खिटी अडली तर गादी बाहेर खेचा, फट मोकळी होते. श्वास पाहा, १०८ला फोन लावा. नंतर ती कॉट जशी आहे तशी बाजूला ठेवा, फोटो काढा, चकत्यांनी मोजा. फट सापडून बुजेपर्यंत तिच्यावर दुसऱ्या कुणालाही झोपवू नका.