पोरं दवाखान्यात जात नाहीत? आधी आपण या चुका टाळा

जळगाव, धुळे, भुसावळच्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आशाताई, मंडळाचे कार्यकर्ते, सगळ्यांची एकच तक्रार असते की बाया येतात, म्हातारे येतात, पण पंधरा ते चोवीसची पोरंपोरी कितीही सांगा दवाखान्याची पायरी चढत नाहीत. विचारलं की "माले काय व्हयनं?" म्हणत गाडीला किक मारून निघून जातात. पण ती बेफिकीर आहेत हे मला पटत नाही. दुखणं त्यांना बरोबर कळतं, फक्त ते चारचौघांत सांगायचं नसतं आणि आपण नेमकं चारचौघांतच विचारतो.

सगळ्यात मोठी चूक हीच. ओट्यावर दहा जण बसलेत आणि आपण म्हणतो "काय रे, खाज कमी झाली का?" संपलं, तो पोरगा पुन्हा आपल्या गल्लीनेही जाणार नाही. केसपेपरच्या खिडकीवर पण तेच, मोठ्याने विचारतात काय होतंय म्हणून, मागे रांगेत शेजारची मावशी उभी, मग पोरगी सांगते "डोकं दुखतं" आणि अंगावरून पांढरं जातंय ते तसंच मनात ठेवून डोकेदुखीची गोळी घेऊन घरी येते. तिला आधीच सांगून ठेवा की खिडकीवर फक्त "मॅडमला दाखवायचंय" एवढंच बोल, खरं काय ते आत सांग. सोबत कोण हवं, आई की वहिनी की मैत्रीण, हे तिलाच विचारा. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक एकट्यात बोलतात. ते कोणत्या वारी, कोणत्या खोलीत असतं हे आपण आधी जाऊन बघून यायचं, नाहीतर पोरगं गेटवरूनच माघारी फिरतं.

आता मेडिकलवरच्या मलमाचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास, त्यात दिवसभर घट्ट जीन्स, घरात पाच जणांना एक टॉवेल, मग जांघेत नायटा होणारच. पोरगं लाजून मेडिकलवर जातं आणि काही न विचारता मिळणारी ट्यूब आणतं, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, पोरगं खूश, आणि पंधरा दिवसांत नायटा दुप्पट पसरतो. इथे "घाणेरडा राहतोस" म्हणून झापू नका, तो आणखी लपवेल. मोबाइलवर ट्यूबचा फोटो मागा, चामडीच्या डॉक्टरला तोच दाखवायला सांगा, टॉवेल वेगळा करा, कपडे कडक उन्हात वाळवा, घरात अजून कुणाला असेल तर त्याचाही इलाज सोबतच करा.

गुटख्यावर भाषण देऊ नका. २०१२ पासून राज्यात बंदी आहे हे त्यालाही माहीत आहे. त्यापेक्षा म्हणा, तीन बोटं उभी तोंडात घालून बघ. जात नसतील तर तो स्वतःच घाबरून विचारतो, तेव्हा लगेच दाताच्या डॉक्टरकडे न्या.

"आज सुट्टी टाक" हेही सांगू नका. दालमिलमध्ये, चटईच्या कारखान्यात खाडा म्हणजे रोज बुडाला. जवळ सरकारचा 'आपला दवाखाना' असेल तर तो साधारण दुपारी २ ते रात्री १० चालतो, तिथे पाठवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा फुकट आहे. मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल वेगळ्या खात्याचं, तिथे थोडे पैसे खिशात असू द्या.

आणि "कुणालाच कळणार नाही" असं छातीठोक सांगू नका. मुलगी अठराच्या आतली आणि दिवस गेलेले असतील तर पॉक्सो कायद्याने, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने, पोलिसांना कळवावं लागतं. मात्र गर्भपाताच्या वेळी तिने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरला तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय. खरं सांगितलं तर पोरी थोड्या थांबतात पण येतात, खोटं निघालं तर तिच्या चार मैत्रिणीही येणार नाहीत.

झोप उडालीय, मन लागत नाही असं कुणी म्हणालं तर टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, फुकट आहे, रात्रीही लागतो.

एकदा नेऊन आणलं की काम झालं असं समजू नका. टीबीच्या गोळ्या साधारण सहा महिने घ्याव्या लागतात, पण दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन भरतं आणि पोरगं गोळ्या सोडून कामावर जातं. निक्षय पोषण या टीबीच्या पेशंटसाठीच्या सरकारी योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतायत का ते विचारा, त्या निमित्ताने गोळ्यांचंही विचारता येतं, आणि हेही ओट्यावर नको, तो कामावरून सुटला की वाटेत गाठून.