मुलांच्या हार्ट आयसीयूत सेफ्टीची सवय कशी लावायची

नवी मुंबईत, ठाण्यात लहान मुलांच्या हार्टच्या युनिटमध्ये काम करणाऱ्या सिस्टर, रेसिडेंट, टेक्निशियन सगळ्यांसाठी लिहितेय. सुरुवात चेकलिस्टच्या कागदापासून करू नका. डब्ल्यूएचओची सर्जिकल चेकलिस्ट 2008 पासून आहे, टिका सगळेच मारतात. आधी हे बघा की आपल्याकडची सगळ्यात नवीन सिस्टर मोठ्या सरांना "सर, एक मिनिट थांबा" म्हणू शकते का. ब्रिटनमध्ये ब्रिस्टलला स्टीफन बोलसिन नावाचे भूलतज्ज्ञ सांगत होते की इथे हार्टच्या ऑपरेशननंतर मुलं जास्त दगावतायत, त्यांचं वेळेवर ऐकलं गेलं नाही, आणि 2001 च्या चौकशी अहवालात आलं की 1991 ते 1995 मध्ये एक वर्षाखालची 30 ते 35 मुलं अपेक्षेपेक्षा जास्त गेली. म्हणून टाइमआउटला, म्हणजे ऑपरेशन सुरू करण्याआधी सगळे क्षणभर थांबतात तेव्हा, सरांनीच प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचं, काही खटकतंय का? कोणी बोललं की पहिलं वाक्य "बरं झालं बोललीस", मग तिची शंका चुकीची निघाली तरी. एकदा कोणी चारचौघांत खेकसलं ना, की पुढचे कित्येक महिने सगळे गप्प.

मग औषधं. तीन किलोच्या बाळाला दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. 0.5 लिहायचं, नुसतं .5 नाही, आणि 5 लिहायचं, 5.0 नाही. वजन रोज, किलोतच. हेपरिन (रक्त गोठू न देणारं), पोटॅशियम, मिल्रिनोन (हार्टला जोर देणारं) यांच्या डोसचं गणित दोघींनी वेगवेगळं करायचं, दुसरीने पहिलीचा आकडा आधी बघायचाच नाही, नाहीतर नुसती मान डोलावली जाते. पोटॅशियमचे अ‍ॅम्प्युल बाकी औषधांत ठेवू नका, कुलपात ठेवा.

ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) बाळ आलं की आधी व्हेंटिलेटर, लाइन्स (शिरेतल्या नळ्या), मॉनिटर जोडून घ्या, मग सगळे शांत, मग एकानेच बाळाची माहिती सांगायची. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवाल्यांनी हे फेरारीच्या रेसिंग टीमकडून शिकून घेतलं आणि त्यांच्या चुका कमी झाल्या. आपल्याकडे खरी परीक्षा जुलैत असते, रुळांवर पाणी, हार्बर लोकल बंद, पनवेलची सिस्टर अडकलेली, आणि नाइटवाली कशीबशी दोन वाक्यं सांगून पळायच्या घाईत. अशा दिवशी सुद्धा हँडओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला बाळ सोपवणं, बेडपाशीच, औषधाचे पंप बघत, आणि घेणारीने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. कोणी आलंच नसेल तर बाळ कोणाकडे ते इन्चार्जने मोठ्याने सांगायचं, मनात धरायचं नाही.

होता होता टळलेल्या चुकांची वही ठेवा, त्यात "कोणी केलं" हा रकानाच नको. पण आठवड्याभरात त्यावर काय बदललं ते सांगा, नाहीतर कोणी लिहिणार नाही.

आणि आईबाप. जव्हार, मुरबाडहून आलेली आई म्हणाली "आज बाळ वेगळंच वाटतंय", तर मॉनिटर बरोबर दाखवत असला तरी डॉक्टरांना बोलवायचं, हा नियमच करा. डिस्चार्जला घरच्या औषधाच्या सिरिंजवर मार्करने रेघ ओढून द्या, आणि तिच्याकडूनच आपल्यासमोर औषध भरून घ्या, रेघेपर्यंत बरोबर आलं की मगच घरी सोडा.