१९७१ आधीच्या गर्भपाताची कथा: डॉक्टरचं पात्र लिहिताना

आधी साल पक्कं करा. गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये संमत झाला, पण लागू झाला १ एप्रिल १९७२ ला. तोवर डॉक्टरच्या डोक्यावर भारतीय दंड संहितेचं कलम ३१२ होतं: ३ वर्षांपर्यंत कैद, पोटातलं बाळ हलू लागलं असेल तर ७ पर्यंत. आणि गुन्हेगार एकटा डॉक्टर नव्हे, बाईसुद्धा. म्हणून तर ती वॉर्डात खरं बोलत नाही, 'विहिरीवर घसरून पडले' म्हणते.

कथेचा जीव त्याच कलमातल्या अपवादात आहे. बाईचा जीव वाचवायला सद्भावनेने केलेला गर्भपात गुन्हा नव्हता. हृदयाची झडप आकसलेली बाई तिसऱ्या महिन्यात आली, तर डॉक्टरला आधार होता. सहावं बाळंतपण नको असलेल्या धडधाकट बाईसाठी नव्हता, विधवेसाठीही नव्हता. तुमच्या डॉक्टरला या दोहोंच्या मधली केस द्या आणि केसपेपरवर तो काय लिहितो ते दाखवा. 'अपुरा गर्भपात, रक्तस्राव' एवढंच लिहून कारणाची जागा कोरी ठेवली, तर पानभर स्वगत लिहायचं वाचतं.

प्रत्यक्ष कृतीचं वर्णन करू नका. खरी कथा पुढच्या दिवसांत घडते, आणि नवखे लेखक नेमके तिथेच घाई करतात. बाई मरणार असेल तर आधी कारण ठरवा, मग वेळ. रक्तस्रावाने काही तासांत जीव जातो. जंतुसंसर्गाला सहसा दिवस लागतात: हुडहुडी भरून ताप, घाण वासाचा स्राव, फळीसारखं कडक पोट, धावती नाडी, मग लघवी कमी होत जाते. धनुर्वात बरेचदा आठवडाभराने, आणि आधी जबडा धरतो. १९३८ सालची कथा असेल तर पेनिसिलीन विसरा, सल्फा औषधांवरच भागवा.

सोनोग्राफीही नाही. महिने मोजायचे पाळीच्या तारखेवरून आणि पोट चाचपून: १२ आठवड्यांना पिशवी ओटीपोटाच्या हाडावर जेमतेम हाताला लागते, २० च्या सुमारास बेंबीजवळ येते. बाईने तारीख लपवली, तर डॉक्टरला ते तपासणीच्या टेबलावरच कळतं. हा प्रसंग वाया घालवू नका.

बाई शुद्धीवर असेल तर मृत्युपूर्व जबानी घेता येते, आणि तेव्हाच्या एव्हिडन्स ॲक्टच्या (पुरावा कायद्याच्या) कलम ३२ खाली तो पुरावा ठरत असे. मृत्यूनंतर तेव्हा मुंबईत कॉरोनरची (संशयास्पद मृत्यूचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची) चौकशी, जिल्ह्यात पोलिसांचा पंचनामा. गावाकडच्या कथेत कॉरोनर आणू नका. फी मोजताना १९५७ आधी आणे, नंतर नवे पैसे. लिंगनिदानाचा विषय तर या काळात येतच नाही.