उमरावी वाड्याची पागा कशी पाहावी

इंग्लंडमधील उमरावी वाडे पाहणारे बहुतेक प्रवासी दालने आणि चित्रे पाहून झाली की चहासाठी पागेकडे (आता तेथे बहुधा उपाहारगृह असते) वळतात, आणि ज्या इमारतीत बसून चहा घेतला तिच्याकडे लक्ष न देताच परततात. डर्बीशरमधील चॅट्सवर्थ या वाड्यात तरी असे करू नये. तेथील पागा चौथ्या ड्यूक ऑफ डेव्हनशरसाठी वास्तुकार जेम्स पेन याने 1760च्या सुमारास उभारली आणि अशा इमारती पाहायला शिकण्यासाठी ती उत्तम आहे.

आत शिरण्यापूर्वी जागा पाहावी. ही पागा वाड्याच्या ईशान्येस, चढावर आहे. इंग्लंडमध्ये वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो, त्यामुळे लिदीचा वास वाड्यापासून दूर राहण्यास ही दिशा सोयीची ठरते. शिवाय सुक्या गवताचा साठा म्हणजे आगीची भीती, म्हणूनही अंतर हवेच. मात्र ही इमारत झाडीआड लपवलेली नाही. येणाऱ्याच्या नजरेत भरावी अशीच ती बांधली आहे, कारण घोडे ही त्या काळची मिरवण्याची संपत्ती होती.

हाच अभिमान प्रवेशद्वारावर दिसतो. पट्टेदार दगडी बांधणीचे चार डोरिक (साध्या प्राचीन ग्रीक धाटणीचे) स्तंभ, वरच्या त्रिकोणी शिरोभागात घराण्याचे भव्य कोरीव कुलचिन्ह, खरी शिंगे बसवलेली दोन पूर्णाकृती नर हरणे आणि त्यांवर घुमटीचा घड्याळ-मनोरा आहे. घड्याळाकडे केवळ शोभा म्हणून पाहू नये. घोड्यांच्या चंदीपाण्याची आणि खरारा करण्याची वेळ सांभाळणाऱ्या, तसेच ठरल्या क्षणी गाडी वाड्याच्या दाराशी नेणाऱ्या माणसांना त्याचा रोजचा उपयोग होता.

चौकात आल्यावर थोडे गणित करावे. इमारत सुमारे 190 फूट लांबीरुंदीची, दुमजली आहे. एका ठाणाची, म्हणजे एक घोडा बांधण्याच्या जागेची, रुंदी साधारण 6 फूट धरली, तर चारही बाजू ठाणांनी भरून शंभराहून अधिक घोडे मावले असते. प्रत्यक्षात सोय 80 घोड्यांची होती. लोहारशाळा, वाटा, जिने आणि कोपऱ्यांतील बुटके मनोरे यांनी उरलेली जागा घेतली, हे यावरून ध्यानात येते. कोणत्याही पागेत हा हिशेब करून पाहावा. घोड्याखेरीज आणखी किती गोष्टी तेथे सांभाळाव्या लागत, ते त्यातून समजते. जुन्या पागांतील खिडक्या उंचावर का, हेही तेथेच विचारावे: घोड्याच्या डोळ्यांवर थेट उजेड आणि अंगावर थेट झोत न येता कोंदट हवा बाहेर जावी, हा त्यामागील हेतू असे.

वरच्या मजल्यावर धान्याची कोठारे आणि नोकरांच्या खोल्या होत्या. एका खोलीच्या दारावर ‘तिसरा पोस्टिलियन’ एवढेच रंगवलेले होते. पोस्टिलियन म्हणजे गाडीला जुंपलेल्या घोड्यावर स्वार होऊन ती हाकणारा नोकर. दारावर त्याचे नाव नाही, फक्त हुद्दा आहे. मला हे दार कुलचिन्हाइतकेच महत्त्वाचे वाटते.

शेवटी नंतरची भर वेगळी काढावी. मागील गाडीखाना सहाव्या ड्यूकने 1830च्या दशकात बांधला. शेवटचे घोडे 1939 साली गेले, मग येथे कोठार आणि मोटारींचे गॅरेज झाले, आणि 1991 साली उपाहारगृह व दुकान आले. म्हणून आज दिसणारी प्रत्येक भिंत, फरशी किंवा काचेचे दार पेनच्या खात्यावर मांडू नये. दगडाचा रंग, सांधे आणि बुजवलेल्या कमानी तपासाव्यात, आणि शक्य असल्यास एकोणिसाव्या शतकातील ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा बारीक तपशील दाखवणारा नकाशा सोबत ठेवून चौकाभोवती एक फेरी पुन्हा मारावी.