मुक्तची पदवी आणि पडताळणीचं टेबल

‘हे मुक्तचं आहे का? मग जरा बाजूला थांबा.’

नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं वाक्य. टेबलामागच्या साहेबांनी माझी बीएची गुणपत्रिका खिडकीकडे धरून पाहिली, दुकानदार पाचशेची नोट बघतो तशी.

दहावीनंतर माझी शाळा सुटली आणि मी मेडिकलच्या दुकानात लागलो. २००९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम केला. बारावी न झालेल्यांसाठी तेव्हा ती वाट होती: पूर्वतयारी पास व्हा आणि थेट बीएला बसा. रविवारी अभ्यासकेंद्र, बाकी सहा दिवस काउंटरखाली ठेवलेली स्वयंअध्ययनाची पुस्तकं. बीए झालं, पण ‘बाहेरून केलंय’ हा शब्द नावामागे चिकटला तो चिकटलाच.

तर त्या टेबलाकडे परत. मी वाद घातला नाही. जाहिरातीची प्रत काढून पुढे ठेवली. तिच्यात ‘सांविधिक विद्यापीठाची पदवी’ असे शब्द होते, ‘नियमित’ हा शब्द कुठेच नव्हता. मुक्त विद्यापीठ १९८९ साली राज्य विधिमंडळाच्या कायद्यानं उभं राहिलंय, म्हणजे सांविधिकच. दुसरा कागद यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या विनियमांचा. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं घेतलेली पदवी नेहमीच्या पद्धतीच्या पदवीशी समकक्ष, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. साहेबांनी दोन्ही कागद आतल्या खोलीत नेले. चाळीसेक मिनिटांनी परत आले, सही केली, आणि म्हणाले, ‘पण बारावी कुठंय?’ जाहिरातीत बारावी मागितलीच नव्हती. सुटलो.

नवी मुलं मला विचारतात, ‘दूरस्थची डिग्री चालते का हो?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कशासाठी चालते, कोणत्या वर्षाच्या प्रवेशाची आणि कोणत्या वाटेनं मिळवलेली, एवढं धरून विचारा.

पदवी देण्याचा अधिकार यूजीसी कायदा, १९५६ च्या कलम २२ नं ठरतो. पण विद्यापीठ खरं आहे म्हणून त्याचा दूरस्थ अभ्यासक्रमही खरा, असं समजू नका. इथेच सगळे फसतात. दूरस्थची मान्यता अभ्यासक्रमागणिक आणि प्रवेशाच्या सत्रागणिक बघावी लागते. ही यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर असते. २०१३ च्या आधी हे काम इग्नूच्या छत्राखालची डीईसी ही परिषद बघायची, त्यामुळे जुनी पदवी असेल तर तेव्हाची मान्यता शोधायची. ज्या सत्रात प्रवेश घेताय त्या सत्राच्या यादीचं पान छापून फी-पावतीला टाचून ठेवा. दहा वर्षांनी ते पान तुम्हाला कोणी शोधून देणार नाही.

वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, वास्तुशास्त्र, कायदा यांच्या पदव्या दूरस्थनं होत नाहीत. पीएचडीही नाही. अभियांत्रिकीबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१७ चा निकालच आहे. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय दूरस्थनं इंजिनीअर केले होते. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या निलंबित करून त्यांना परीक्षा द्यायला लावली, नंतरच्यांच्या सरळ रद्द झाल्या. तोवर त्यातले कितीतरी जण नोकरीत रुजले असणार. त्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

माझ्या मामेभावाला एका एजंटानं परराज्यातल्या विद्यापीठाची बीकॉम ‘वर्षभरात, मागच्या तारखेनं’ देऊ केली होती. अभ्यासकेंद्र म्हणे इथेच, झेरॉक्सच्या दुकानावर. राज्य विद्यापीठाला आपल्या हद्दीबाहेर अशी केंद्रं थाटता येत नाहीत, आणि तीन वर्षांची पदवी एका वर्षात होत नाही. आता तर प्रवेशाआधी विद्यार्थ्यालाच डीईबी आयडी काढावा लागतो, त्यासाठी एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक, लागतो. ‘ते आमच्यावर सोडा’ असं कोणी म्हणालं की चहासुद्धा न घेता उठा.

आता माझ्याच पदवीचं दुखणं सांगतो. नोकरी लागल्यावर मला एलएलबी करायची होती. एका विधी महाविद्यालयात अर्ज घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी आधी पदवी पाहिली, ती पसंत पडली. मग त्यांनी बारावी विचारली. कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत आहे: मूळ पात्रता नसताना मुक्त पद्धतीनं थेट पदवी घेतलेला उमेदवार कायद्याच्या प्रवेशाला पात्र नाही. बारावी करून मग मुक्तमधून बीए केलेल्याला ही अडचण नाही. म्हणजे तीच पदवी, तेच विद्यापीठ, तेच गुण, आणि माझ्या शेजारी रांगेत उभा असलेला मुलगा आत, मी बाहेर. बाईंनी फाइल परत देताना नियमाच्या ओळीवर पेन्सिलीनं खूण करून दिली. ती खूण अजून आहे.

मामेभावाचीही बारावी राहिलेली होती. त्याला मी बीकॉमला नाही, आधी बोर्डाच्या १७ नंबरच्या फॉर्मला, म्हणजे बाहेरून बारावीला, बसवलं. ‘पुन्हा मागे कशाला?’ म्हणत तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. परवा बारावीचं हॉलतिकीट दाखवायला आला होता.