अश्रुग्रंथीची बायोप्सी: बाटली लॅबमध्ये पोचण्याआधीच्या चुका

ठाण्याहून एक काका लोकलने वाशीला आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आले. पिशवीत बाटली, बाटलीत सलाइन आणि तळाशी अश्रुग्रंथीचा, म्हणजे वरच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला अश्रू तयार करणाऱ्या ग्रंथीचा, तुरीच्या डाळीएवढा तुकडा. काढून दोन दिवस झालेले. स्लाइडवर पेशींच्या कडाच हरवलेल्या. "परत कापावं लागेल का हो?" काकांनी विचारलं. लागलं.

नेहमीच्या तपासणीसाठी तुकडा लगेच १० टक्के फॉर्मलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवा, फॉर्मलिन तुकड्याच्या निदान दहापट. पण टीबीचं कल्चर करायचं, म्हणजे जंतू वाढवून पाहायचे, तर उलटं: फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, त्यासाठी वेगळा तुकडा सलाइनमध्ये, आणि तोही त्याच दिवशी. म्हणून काय काय तपासायचंय हे ऑपरेशनच्या आधीच सर्जनना विचारून घ्या.

दुसरी चूक स्टेरॉइडची. वरच्या पापणीची बाहेरची बाजू सुजते, कुणीतरी गोळ्या देतं, आठवड्यात सूज उतरते आणि घरात सगळे खूश. लिम्फोमा हा कॅन्सरही स्टेरॉइडने आक्रसतो, मग बायोप्सीत तो नीट सापडत नाही. गोळ्या सुरू असतील तर स्वतःहून बंद करू नका, पण तुकड्यासोबत लॅबला जाणाऱ्या फॉर्मवर लिहायला लावा. तो रकाना बहुतेक वेळा कोराच येतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र स्कॅनआधी तुकडा काढण्याची. न दुखणारी, वर्षभराहून जास्त काळ हळूहळू वाढलेली गाठ, सीटीवर कडा गुळगुळीत, शेजारच्या हाडाला नुसता खळगा: ही प्लिओमॉर्फिक अडेनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, असू शकते. हिचा तुकडा घ्यायचा नसतो, आवरणासकट अख्खी काढायची. आवरण फाटलं तर गाठ काही वर्षांनी परत उगवू शकते, कधी कॅन्सर होऊनही. याउलट काही महिन्यांतच वाढलेली, दुखणारी, हाड खाणारी गाठ असेल तर आधी बायोप्सीच लागते.

डोळ्यांसोबत तोंडही कोरडं पडत असेल तर शोग्रेनच्या (शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते त्या आजाराच्या) शंकेने खालच्या ओठाच्या आतल्या बारीक लाळग्रंथी काढतात. "डोळा दाखवायला आलो, ओठाला टाके कसले?" म्हणून उठून जाऊ नका. ओठातून घेण्याचं कारण असं, की अश्रुग्रंथीच्या पापणीकडच्या भागातून अश्रूंच्या नळ्या जातात. तिथे कापलं तर डोळा आणखी कोरडा पडू शकतो.

रिपोर्टवर 'नुसती सूज' लिहिलं असलं तरी फाइल मिटू नका. आयजीजी४ (या प्रथिनाशी निगडित आजारातही ग्रंथी सुजते) शोधणारा रंग, तुकडा ज्यात जपून ठेवतात त्याच मेणाच्या ब्लॉकवरच्या कापांवर नंतरही चढवता येतो. दुसरं मत घ्यायला जाताना नुसता कागद नेऊ नका, लॅबकडून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या.