आपलं पात्र टॅरोच्या पत्त्यावर कसं उतरवायचं

टॅरो म्हणजे भविष्य सांगायला वापरतात ते चित्रांचे पत्ते. तसं चित्र काढायचं म्हटलं की बहुतेक जण सुरुवात सोनेरी चौकटीपासून करतात. चार कोपऱ्यांत चंद्र-तारे येतात, मग मध्ये आपल्या कथेतलं पात्र उभं राहतं. चित्र देखणं होतं, पण दिसतं लग्नपत्रिकेसारखं. टॅरोतला माणूस ओळखू येतो तो कसा बसलाय, हातात काय धरलंय आणि कुठे बघतोय यावरून. म्हणून चौकट सगळ्यात शेवटी, एवढं आधीच ठरवून टाका.

आधी घराणं निवडा

टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत आले ते खेळण्यासाठी. त्यांवरून भविष्य सांगायची पद्धत रुजली अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. पूर्ण संच ७८ पत्त्यांचा. त्यातले 'मेजर आर्काना' नावाचे २२ पत्ते पात्रं रंगवायला सर्वांत सोयीचे, कारण त्यातल्या बहुतेकांत एकच ठळक व्यक्ती असते.

चित्रशैली म्हणाल तर तीन मोठी घराणी आहेत. मिलानच्या राजघराण्यासाठी केलेले व्हिस्कोन्ती-स्फोर्झा पत्ते हाताने रंगवलेले. सोन्याच्या वर्खावर ठोकून नक्षी उठवलेली, आणि पत्त्यावर मूळचा आकडाही नाही, नावही नाही. मार्सेय शैली लाकडी ठशांची: जाड काळी रेघ, लाल-निळा-पिवळा असे मोजके रंग, वर रोमन आकडा, खाली नाव. निकोला कोनव्हेरचा १७६० चा संच हा तिचा प्रसिद्ध नमुना. तिसरं घराणं १९०९ साली लंडनमध्ये छापलेल्या रायडर-वेट संचाचं. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. एवढं मोठं काम फार थोड्या पैशांत केलं, असं त्यांनी तेव्हा एका पत्रात लिहिलंय. चित्रकारांचं नशीब तेव्हाही असंच होतं.

तिन्हींची भेळ करू नका. नवख्याने मार्सेय घ्यावी असं माझं मत. तिथे शरीररचनेतला कच्चेपणा खपून जातो.

पत्ता पात्राच्या कामावरून ठरवा

म्हातारा दिसला की 'हर्मिट' (एकांतवासी), सुंदर बाई दिसली की 'एम्प्रेस' (सम्राज्ञी), असं रूपावरून जोडू नका. कथेत ते पात्र काय करतं ते पाहा. उदाहरणादाखल माझ्या एका अपुऱ्या कथेतली मापाडी बाई घेऊ. बाजार समितीत धान्य मोजते, कुणाच्याही ओळखीपाळखीला बधत नाही. तिचा पत्ता 'जस्टिस'.

आता जुन्या 'जस्टिस'कडे नीट बघा. एक स्त्री आसनावर समोरासमोर बसलेली, उजव्या हातात उभी तलवार, डाव्या हातात तराजू. डोळ्यांवर पट्टी नाही! न्यायदेवता म्हटलं की आपला हात आपोआप पट्टी रेखाटायला जातो, पण या पत्त्यातली बाई थेट आपल्याकडे बघते. रायडर-वेटमध्ये तिच्या दोन बाजूंना खांब आणि मागे जांभळा पडदा आहे.

काय ठेवायचं, काय बदलायचं

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, इथे घाई नको. कागदावर दोन रकाने पाडा: एकात जुन्या पत्त्यातल्या खुणा, दुसऱ्यात त्या जागी आपल्या पात्राच्या जगातली वस्तू. बैठक, नजर आणि दोन्ही हातांची ठेवण यांना हात लावायचा नाही. बाकी सगळं बदलता येतं.

मापाडी बाईच्या हातात तलवार कुठून आणायची? पोत्यातून धान्याचा नमुना काढायची टोकदार लोखंडी नळी असते, ती तिने उजव्या हातात उभी धरली की झालं. खांबांच्या जागी पोत्यांच्या थप्प्या, पडद्याच्या जागी ताडपत्री, आसन म्हणून धान्याचं पोतं. तराजू तसाच राहू द्या. आज वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होतं हे खरं, पण तराजू वगळलात तर पत्ताच ओळखू येणार नाही. वस्तू बदलली तरी तिचं काम तेच राहायला हवं. नळी पोत्यात भोसकून आतला माल बाहेर काढते, म्हणून ती तलवारीच्या जागी शोभते. तिथे नुसती छत्री दिली असती तर तो विनोद झाला असता.

कच्ची रेखाटनं, मग शाई

आजचे पत्ते साधारण ७ बाय १२ सेंटिमीटरचे असतात. चित्र दुप्पट मापात, म्हणजे १४ बाय २४ मध्ये काढा. ए-४ कागदावर आरामात बसतं. त्याआधी आगपेटीएवढ्या चौकोनांत पाच-सहा झटपट रेखाटनं करा. त्या आकारात बसलेली बाई आणि दोन हातांतल्या दोन वस्तू ओळखू आल्या नाहीत, तर मोठं चित्रही फसणार. आकृती मधोमध ठेवा, पार्श्वभूमी सपाट. दूरदृश्याचा मोह टाळा.

शाई पाण्याने न पसरणारी हवी, नाहीतर वरून रंग देताना रेघा वाहतील.

रंग

चार-पाचपेक्षा जास्त रंग नकोत, छटा-सावल्या तर नकोतच. मार्सेय पत्त्यांचे रंग साच्यातून भरले जात, त्यामुळे ते रेघेबाहेर थोडे सरकलेले दिसतात. डिजिटल काम करत असाल तर रंगाचा थर मुद्दाम किंचित बाजूला सरकवा. चित्राचा कोरा करकरीतपणा लगेच जातो. सोनेरी रंग कागदावर चमकतो, पण स्कॅनमध्ये मातकट तपकिरी उतरतो. छापायचं असेल तर मोहरीसारखा पिवळाच वापरा.

आकडा, नाव आणि चौकट

'जस्टिस'चा आकडा मार्सेयमध्ये ८ आहे आणि रायडर-वेटमध्ये ११, कारण त्या संचाची आखणी करणाऱ्या आर्थर वेट यांनी 'स्ट्रेंग्थ' या पत्त्याशी त्याची अदलाबदल केली. निवडलेल्या घराण्याचाच आकडा घाला. जाणकार तिथेच चूक पकडतात. नाव देवनागरीत लिहिणार असाल तर खालची पट्टी मूळ पत्त्यापेक्षा उंच ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि उकार रेघांना धडकतात.

जुनी चित्रं समोर ठेवून काढायला हरकत नाही. स्मिथ १९५१ मध्ये वारल्या आणि भारतात चित्रकाराच्या पश्चात ६० वर्षंच हक्क राहतो. हयात चित्रकारांच्या संचातली मांडणी मात्र उचलू नका.

छपाईला देताना चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा रंग सोडा, म्हणजे कापताना पांढरी कड दिसत नाही. पुढे संच करायचा असेल तर पाठीची नक्षी वरून-खालून सारखीच काढा. पत्ता सुलटा आहे की उलटा, हे पाठीवरून कळता कामा नये.